आधी सांडव्यावरची पोती काढा

प्रश्न : गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर पूर अडवायसाठी मातीचं धरण आहे. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही म्हणून यंदा आम्ही सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर) रेतीच्या पोत्यांचे दोन थर रचले. आता पाळीच्या (मातीच्या बांधाच्या) पायथ्याशी पाणी पाझरते अन् खालच्या वावरातली पऱ्हाटी (कपाशी) माना टाकून राहिली. काय करावं? (काही शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : भाऊ, पऱ्हाटीचं नंतर पाहू. आधी पोती काढा. पोळ्यापर्यंत अजून बराच पाऊस बाकी आहे. पाणी पोत्यांच्या खाली असेल तर आजच उचला. वरून वाहत असेल तर मात्र कोणीही सांडव्यात उतरू नका, अभियंत्यांना बोलवा.

सांडवा पाळीपेक्षा खाली ठेवतात तो हिशोबानं. पाळीवरून पाणी वाहिलं की माती टिकत नाही, मागचा उतार कापत जातो आणि बघता बघता भगदाड पडतं. हेक्टरभर पसरलेल्या पाण्यावर एक फूट वाढ म्हणजे तीस लाख लिटर. तुमची पोती तेवढं पाणी पुराच्या जागेत भरून ठेवतात, मग पूर आल्यावर तो मावेल कुठं?

आता पाझराचं. मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यात भ्यायचं काही नाही. पांढऱ्या काचेच्या बाटलीत ते पाणी भरा आणि तासभर ओट्यावर ठेवून द्या. नितळ राहिलं तर रोज त्याच ठिकाणी, त्याच वेळी बघत जा. तळाशी गाळ बसला, किंवा धार कालच्यापेक्षा जाड झाली, तर आतून पाळीची माती वाहून चालली आहे. अशा वेळी काळी माती कोंबून तोंड बुजवू नका. पाणी दुसरीकडून फुटतं. पाझराच्या तोंडावर आधी जाड रेती, मग बारीक गिट्टी, वर मोठी गिट्टी टाका, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. हा तात्पुरता उपाय झाला. नाल्याकाठची घरं लगेच हलवा, तलाठ्यांना कळवा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचा तलाव असेल तर दुरुस्तीचा अर्ज जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे जातो. अर्जाला पाझराचे फोटो जोडा.

रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ ला फुटलं तेव्हा ते खेकड्यांनी पोखरलं अशी फार चर्चा झाली. पाळीवरची बिळं बघावीच, घुशीची असोत की साळिंदराची. पण सांडव्यावरची पोती काही खेकड्यांनी नेऊन ठेवली नाहीत. बाभळी मोठ्या झाल्या असतील तर पावसाळ्यात जेसीबीनं उपटू नका, मुळांच्या जागी पोकळी राहते. हरळी मात्र राहू द्या, ती माती धरून ठेवते.

पऱ्हाटीसाठी वावरातून चर काढून पाणी नाल्यात सोडा. वाफसा येताच (जमिनीतलं जादा पाणी निघून ओल बेताची झाली की) १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक मिसळून माना टाकलेल्या झाडांच्या बुडाशी ओता. चर पायथ्याला लागून मात्र खोदू नका, पाळीपासून लांब घ्या.