घरच्या सर्व्हरसाठी रोज लागणाऱ्या कमांड कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात घरी जुन्या लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्स प्रणाली टाकून सर्व्हर उभा केलाय, घरचे फोटो आणि दुकानाचा हिशेब त्यावर आहे, आणि ‘यायलाच हव्यात अशा शंभर कमांड’ छाप याद्या वाचून डोकं भणभणतंय. भाऊ, त्या याद्या ठेवा बाजूला. मी जळगावात बसून अमळनेरचा, मोठ्या भावाच्या बी-बियाण्याच्या दुकानातला सर्व्हर सांभाळतो. सहा वर्षं झाली, आठ-दहा कमांडच्या पलीकडे माझा हात क्वचित जातो. त्यातही निम्म्या वेळा शोध एकाच गोष्टीचा असतो: जागा गेली कुठे?

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत टाका. अक्षरं लहानच ठेवा, मोठं जिथे लागतं तिथे सांगतो.)

जागेचं आधी सांगतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. जूनचा पहिला आठवडा, कपाशीच्या बियाण्याला झुंबड, आणि सकाळी साडेनऊला भावाचा फोन: “भो, बिल नही निंघी राहिनं, दुकानमा गर्दी शे!” मी मोबाइलवर टर्मक्स (मोबाइलचं टर्मिनल ॲप) उघडलं, एसएसएचने (लांबच्या मशीनमध्ये सुरक्षित शिरायची सोय) आत गेलो, डिस्कवर किती जागा उरली ते बघायला ‘डीएफ -एच’ मारलं. मुख्य डिस्क १०० टक्के भरलेली, शिल्लक शून्य. मग कोणत्या फोल्डरने किती खाल्लं ते बघायला ‘डीयू -एसएच’ चालवलं, तर सगळ्याची बेरीज जेमतेम ४१ जीबी. डिस्क १२० जीबीची. म्हणजे एक कमांड म्हणते भरली, दुसरी म्हणते अर्धीसुद्धा नाही.

आदल्या रात्री मीच एक साठ-पासष्ट जीबीची लॉग फाइल (प्रोग्रामची नोंदवही) ‘आरएम’ने उडवली होती. एका प्रोग्रामचा तपशीलवार लॉग चालू करून बंद करायला विसरलो होतो, त्याची ती वाढ. उडवली, हुश्श केलं, झोपलो. नंतर पुन्हा ‘डीएफ’ बघितलं असतं तर रात्रीच कळलं असतं की एक केबीसुद्धा सुटलेला नाही.

याचं कारण असं की ‘आरएम’ फाइल पुसतच नाही. फोल्डरमधलं तिचं नाव तेवढं काढतं. प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली असेल तर मजकूर डिस्कवर जागच्या जागी राहतो, तो प्रोग्राम तिला सोडेपर्यंत. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं पण वहिवाट चालूच, असा प्रकार. ‘डीयू’ बघतं सातबारा, म्हणून त्याला फाइल दिसत नाही. ‘डीएफ’ बघतं प्रत्यक्ष जमीन, म्हणून त्याला जागा अडलेली दिसते. अशा बिननावाच्या वहिवाटदारांची यादी ‘सुडो एलएसओएफ +एल१’ देते (‘+एल१’ मधला एल मोठा; सुडो म्हणजे कमांड रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाच्या हक्काने चालवणं). ओळीच्या शेवटी कंसात ‘डिलीटेड’ असं दिसेल, आणि सुरुवातीला कोणत्या प्रोग्रामने धरून ठेवलंय ते. तो प्रोग्राम ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट’ने पुन्हा चालू केला, अर्ध्या मिनिटात ६० जीबी मोकळे, दुकानातला प्रिंटर करकरायला लागला.

तेव्हापासून चालू लॉग मी ‘आरएम’ करत नाही. ‘ट्रंकेट -एस ०’ आणि फाइलचं नाव, म्हणजे फाइल तिथेच राहते, आतलं रिकामं होतं. सिस्टमचा स्वतःचा लॉग फुगला असेल तर ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=५००एम’ (शेवटचा एम मोठा).

आता याला जोडूनच एक. डिस्क शंभर टक्के भरलेली असताना मला आत जाऊन काम करता आलं कसं? ईएक्सटी४ ही फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बनवताना साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते. त्यामुळे बिलाच्या प्रोग्रामला नकार मिळत होता तरी सुडोवाल्याचं अडलं नाही. ही राखीव जागा ‘कशाला वाया’ म्हणून काढायचे सल्ले मिळतील. फोटोंच्या वेगळ्या डिस्कवर काढा हवं तर, मुख्य डिस्कवर हात लावू नका.

जागा कोणी खाल्ली हे शोधायला रोजच्या वापरात ‘एनसीडीयू’ बरं पडतं. बाणाच्या बटणांनी फोल्डरमध्ये शिरता येतं, मोठं ते वर दिसतं. आणि कधी ‘डीएफ’ जागा आहे म्हणतं तरी नवी फाइल बनत नाही. तेव्हा ‘डीएफ -आय’ बघा. लाखो बारीक फाइली साठल्या की आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपतात.

दुसरा नेहमीचा शोध: रात्री बंद का पडला? आपल्या भागात याचं उत्तर नव्वद टक्के वेळा लाइट हेच असतं, पण खात्री करावी. ‘लास्ट -एक्स’ मध्ये मशीन कधी बंद-चालू झालं ते दिसतं, आणि ‘क्रॅश’ असा शेरा असेल तर नीट बंद झालेलं नाही. मग ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’, म्हणजे मागच्या वेळच्या लॉगचं शेपूट. एकेक सेवा थांबवल्याच्या ओळी ओळीने असतील तर कोणीतरी किंवा कशानेतरी रीतसर बंद केलं. वाक्य अर्ध्यात तुटावं तसा लॉग तुटला असेल तर वीज. तुमच्याकडे लॅपटॉप आहे हे नशीब, बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. मात्र कायम चार्जरवर असलेली जुनी बॅटरी फुगते, महिन्यातून एकदा खालून हात फिरवून बघत जा. आणि झाकण लावल्यावर तो झोपत असेल, तर लॉगइनडी.कॉन्फ या फाइलमध्ये ‘हँडललिडस्विच’ला (यातले एच, एल आणि एस मोठे) ‘इग्नोर’ करा.

मे महिन्याचं वेगळं. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला सर्व्हर बंद पडत नाही, रेंगाळतो. भाऊ म्हणायचा दुपारी सॉफ्टवेअर सुस्त होतं. मी ‘एचटॉप’मध्ये (चालू प्रोग्रामची यादी) डोळे घालून बसायचो की कोणता प्रोग्राम खातोय. कोणीच खात नव्हता. ‘सेन्सर्स’ चालवलं तेव्हा प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे, तापू नये म्हणून स्वतःच वेग कमी करत होता. मशीन गल्ल्याखाली, कुलरच्या वाऱ्याच्या वाटेपासून जरा बाजूला (कुलरची ओल नको) हलवलं, तक्रार संपली.

एसएसएचबद्दल थोडक्यात, कारण यावर भरपूर लिहिलेलं सापडेल. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठात टाटू युलोनेन यांनी हे बनवलं, तेही नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर. तरीही आपण बावळटासारखे पासवर्डनेच लॉगइन करत राहतो. ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ने किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) बनवा, सर्व्हरवर ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने टाका, किल्लीने आत जाता येतंय हे बघा, मगच पासवर्ड बंद करा. सेटिंग बदलताना एक खिडकी आधीपासून आत लॉगइन असू द्या आणि नवी सेटिंग दुसऱ्या खिडकीतून तपासा. मी हे एकदा केलं नाही, तर जळगावहून एसटीने अमळनेरला जावं लागलं, दोन ओळी बदलायला.

लांबून अपडेट चालवायचे तर आधी ‘टीमक्स’ उघडा. मोबाइलचं नेट मध्येच गेलं तरी आतलं काम चालू राहतं, परत येऊन ‘टीमक्स अटॅच’ केलं की पडदा होता तसा समोर. हे न वापरता ‘ॲप्ट अपग्रेड’ मध्येच तुटलं, की पुढचा तास ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ करत बसावं लागतं.

बाहेरून काय काय उघडं आहे ते ‘सुडो एसएस -टीयूएलपीएन’ दाखवतं. पत्ता १२७.०.०.१ असेल तर ते दार घरातल्या घरात, ०.०.०.० असेल तर सगळ्यांना. तुम्ही डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत बंद करून चालवणारं साधन) वापरत असाल तर एक फसगत माहीत असू द्या: ‘यूएफडब्ल्यू’ने (उबंटूचा फायरवॉल) बंद केलंय असं वाटतं, पण डॉकरने बाहेर काढलेला पोर्ट, म्हणजे दार, यूएफडब्ल्यूला न जुमानता उघडाच राहतो. पोर्ट देतानाच पुढे १२७.०.०.१ लिहायचं.

बॅकअपला ‘आरसिंक’. १९९६ पासूनचं आहे, अजून याच्याइतकं भरवशाचं मला दुसरं मिळालं नाही; फाइलचा बदललेला भागच पाठवतं, त्यामुळे गावाकडच्या नेटवरही निभतं. दोनच गोष्टी जपा. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. आणि ‘--डिलीट’ लावणार असाल तर आधी ‘-एन’ लावून नुसती रंगीत तालीम करा, काय पुसणार आहे ते वाचा. हिशेबाचा डेटाबेस मात्र चालू असताना सरळ आरसिंक करू नका, आधी त्याचा डंप (सगळ्या माहितीची वेगळ्या फाइलमधली प्रत) काढा आणि तो पाठवा.

हे रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) होऊ दे. हाताने चालवलं तर चालतं, क्रॉनमधून नाही, असं झालं तर डोकं खाऊ नका: क्रॉनला तुमचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) माहीत नसतो, कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. आणि फाइलच्या नावात तारीख घालायला टक्क्याचं चिन्ह वापराल तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर क्रॉन तिथेच ओळ तोडतं.

लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, ते तुम्ही लिहिलं नाही. फिरती असेल तर आजच ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ चालवा, पुढे डिस्कचं नाव (ते ‘एलएसबीएलके’ सांगेल). ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळींचा (डिस्कच्या खराब आणि संशयित तुकड्यांची मोजणी) शेवटचा रकाना बघा. तिथे शून्याशिवाय काही असेल तर वरचं सगळं नंतर वाचा, आधी फोटो दुसरीकडे काढून घ्या.