दशमांश दिल्यावर उरलेल्या नऊ भागांचं काय?

प्रश्न : माझा पगार चांगला आहे आणि तो कष्टाचा आहे. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मी देवाच्या कामासाठी न चुकता देतो. तरीही नवा फोन घेतला किंवा गाडी बदलली की पत्नी विचारते, "आधीचं चालत होतं ना?" देवाचा भाग देऊन झाल्यावर उरलेल्यातून मी काय घेतो, यात लोभाचा प्रश्न येतोच कुठे? देव सगळं उपभोगासाठी देतो, असं प्रेषित पौलच म्हणतो ना?

उत्तर : पौल तसं म्हणतो, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 तीमथ्य 6:17). पण लगेच पुढच्या वचनात तो श्रीमंतांना परोपकारी आणि दानशूर व्हायला सांगतो. ही दोन वचनं तोडू नका. चांगल्या वस्तूचा आनंद घेणं पाप नाही, हे मला ठामपणे सांगायचं आहे, कारण आपल्यातले काहीजण नव्या सदऱ्याकडेही संशयाने बघतात. येशू लोकांच्या घरी मेजवानीला जात होता. इतका, की विरोधकांनी त्याला खादाड ठरवलं.

दशमांशाबद्दल मात्र तुमचा हिशेब मला पटत नाही. पुदिना, शेप, जिरे यांचाही दशमांश मोजून देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, येशूने खडसावलं, कारण न्याय आणि दया त्यांनी सोडून दिली होती. दशमांश देणं चूक, असं तो म्हणाला नाही. दहावा भाग दिला म्हणून उरलेल्या नऊ भागांबद्दल देवाने काही विचारू नये, हा करार शास्त्रात कुठेच नाही.

लूकच्या शुभवर्तमानातल्या 12व्या अध्यायातला धनवान पुन्हा वाचा. वारसाहक्काच्या भांडणात निवाडा कर, म्हणून गर्दीतल्या एकाने येशूला गळ घातली, तेव्हा येशूने हा दाखला, म्हणजे बोधकथा, सांगितला. दाखल्यातल्या धनवानाने चोरी केलेली नाही, कोणाची मजुरी बुडवलेली नाही. जमीन पिकली, कोठारं अपुरी पडली, मोठी बांधायचं ठरलं. पण हे सगळं त्याने एकट्याने, स्वतःशीच बोलून ठरवलं. त्या बेतात ना देव आहे, ना शेजारी, ना घरचं कोणी. तुमच्या घरात "आधीचं चालत होतं ना?" असं विचारणारं माणूस आहे. त्या धनवानाजवळ तेवढंही कोणी नव्हतं. पत्नीच्या प्रश्नाला अडथळा समजू नका.

त्याच रात्री त्या धनवानाचा जीव जाणार होता. "तू साठवलेलं आता कोणाचं होणार?" हा देवाचा त्याला प्रश्न. पाळक म्हणून मी दुःखाच्या घरी जातो, तेव्हा काही दिवसांनी कपाट आवरायलाही कधी कधी मदत करतो. किमतीची चिठ्ठी तशीच लटकत असलेले सदरे निघतात. खोक्यातून बाहेरच न आलेले बूट निघतात. एका खणात जुने फोन, प्रत्येकाची चालू असतानाच सुट्टी झालेली. घरची माणसं ते हातात घेऊन नुसती उभी राहतात. चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिल या ख्रिस्ती धर्मगुरूने याच दाखल्यावर उपदेश करताना सांगितलं होतं, की तुमच्याकडे पडून कुजणारे जोडे अनवाण्या माणसाचे आहेत आणि पेटीत ठेवलेला झगा उघड्याचा. त्याने याला दानधर्म म्हटलं नाही. ज्याचं त्याला न देणं म्हटलं.

सगळा दोष तुमच्या मनाचा आहे, असंही मी म्हणणार नाही. 1924 मध्ये बल्ब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी जिनिव्हात संगनमत करून बल्बचं आयुष्य 1,000 तासांवर आणलं आणि जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्यांना दंड लावला. वस्तू लवकर संपावी याची व्यवस्था तेव्हापासून चालू आहे. आता तर वस्तू संपायचीही वाट बघावी लागत नाही, आधी आपलं मन तिच्यावरून उडवलं जातं. रात्री अंथरुणात एखादी वस्तू नुसती बघितली, तर सकाळी 'फक्त दोन शिल्लक' असा निरोप आलेला असतो आणि शेजारी सवलतीचं घड्याळ उलटं पळत असतं. म्हणून माझा साधा आग्रह आहे : रात्री, एकट्याने काही विकत घेऊ नका. दिवसा, घरच्यांशी बोलून घ्या. आणि दर वेळी विचारा, हेच पैसे आत्ता कोणाला हवे आहेत? उत्तरात एखादा ओळखीचा चेहरा येतो का, ते बघा. जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं, तेव्हा येशूने त्याच्याकडे आकडा मागितला नव्हता.

प्रश्न : मग बचतही लोभच का?

उत्तर : नाही. रानात इस्राएली लोकांना देवाकडून रोज मिळणारं अन्न, म्हणजे मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत, पण शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं आणि तो किडला नाही. म्हातारपण, आजारपण, मुलांचं शिक्षण यासाठी जरूर साठवा.

प्रश्न : समाधानी राहा असं मुलांना शिकवलं तर ती मागे पडणार नाहीत का?

उत्तर : पौल तंबू बनवून पोट भरत होता, देशोदेशी फिरत होता, त्याला कोणी मागे पडलेला म्हणणार नाही. तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना तो म्हणतो, की टंचाईत कसं राहावं आणि विपुलतेत कसं राहावं, दोन्ही मी शिकलो. मुलांना विपुलतेत राहायला आपण शिकवतच नाही. सुरुवात म्हणून, द्यायची वस्तू त्यांनाच निवडू द्या. फक्त ती मोडकी नसावी, अजून आवडीची असावी. पहिल्या वेळी मूल रडेल. त्याला रागावू नका, आणि ती वस्तू दिली म्हणून लगेच नवी आणूनही देऊ नका.