वजनं उचलायचा कंटाळा येतो, उत्साह टिकवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ३२, बॅडमिंटन आणि धावणं मनापासून आवडतं, गुडघ्यासाठी फिजिओने सांगितलं म्हणून आठवड्यातून तीनदा जिम लावलीत, आणि आता तिसऱ्या महिन्यात तिथली पायरी चढणं जिवावर येतंय. उत्साह टिकवायला काय करावं?

उत्साहाचं नंतर बघू. आधी कंटाळा नेमका कुठे येतो ते बघा. एका सेटला, म्हणजे न थांबता सलग दहा-बारा वेळा वजन उचलायला, फार तर चाळीस सेकंद लागतात. पंधरा सेट केले तरी हिशेब दहा मिनिटांचा. आणि जिममध्ये तुम्ही असता तास-सव्वा तास. उरलेला वेळ कुठे जातो? बाकावर बसण्यात, बाटलीतलं पाणी पिण्यात, आरशात बघण्यात, आणि सोमवार असेल तर बेंच रिकामा व्हायची वाट बघण्यात. (सोमवारी चेस्ट मारायचा असा देशभर काही अलिखित नियम आहे. तुम्ही सोमवारी पाय करा, अख्खी जिम तुमची.) म्हणजे कंटाळ्याचा मोठा वाटा वजनाचा नाहीच, मधल्या रिकाम्या वेळाचा आहे. त्यावर उपाय सोपा आहे, तो पुढे सांगते.

राहिलेला कंटाळा मात्र खरा. बॅडमिंटनमध्ये शटल कुठे येईल ते समोरचा ठरवतो. धावताना निदान रस्ता तरी बदलतो. इथे तोच दांडा, त्याच बारा वेळा, आणि उचलून झाल्यावर पुन्हा जागच्या जागी ठेवायचा. कशासाठी, असं मनात येणारच.

माझं माहेर सांगलीकडचं. मामा तरुणपणी तालमीत होते. जोर-बैठकांइतका एकसुरी व्यायाम मी दुसरा पाहिला नाही. पहाटे उठायचं, फावड्याने हौद्यातली लाल माती उकरायची, मग शेकड्यांनी बैठका. माती उकरणं हाच निम्मा व्यायाम. ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेली ती माती भिजून जड होते आणि फावडं ओढताना खांदे भरून येतात. हे रोज. संगीत नाही, एसी नाही, भिंतीवर मारुतीची तसबीर आणि कोपऱ्यात मोठ्याने आकडे मोजणारा वस्ताद. मी मामांना एकदा विचारलं होतं, तुम्हाला कंटाळा नाही का यायचा? ते म्हणाले, “यायचा की. पण जत्रा तोंडावर आलेली असायची गं.”

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. तालमीतला कुणीही बैठकांसाठी बैठका मारत नाही. संध्याकाळी मातीत जोडीदाराबरोबर लढत असते, आणि पुढे गावच्या जत्रेचं मैदान असतं. पोरांना नारळाची कुस्ती असली तरी चालते, पण तारीख ठरलेली असते, समोर कुणीतरी असतं आणि अख्खं गाव बघायला बसलेलं असतं. बैठकांचा फायदा झाला की नाही हे तिथे चार मिनिटांत कळतं. आधुनिक जिमने जोर-बैठका ठेवल्या आणि कुस्ती काढून टाकली. मग लोक विचारतात, मन का लागत नाही? कसं लागेल?

तेव्हा तुमची कुस्ती शोधा. “फिट राहायचंय” ही कुस्ती नव्हे, तिला तारीख नाही आणि हार-जीतही नाही. तुम्हाला बॅडमिंटन आवडतं ना? सोसायटीची किंवा ऑफिसची स्पर्धा जानेवारीत असते, तिथे तिसऱ्या गेमला पाय जड होऊ नयेत, ही झाली कुस्ती. स्क्वॉट (वजन घेऊन मारलेली बैठक) आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) मग आपोआप त्या दिवसाची तयारी होतात. धावण्यातही तेच आहे. चढावर मांड्या आणि पोटऱ्या किती साथ देतात ते एका रविवारी सिंहगडाच्या पायवाटेवर कळेल. किंवा सरळ वजनाचीच कुस्ती ठेवा : स्वतःच्या वजनाइतका डेडलिफ्ट (जमिनीवरचा दांडा उचलून सरळ उभं राहणं), अमुक महिन्यापर्यंत.

माझी कुस्ती होती एक पुल-अप. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, शाळेत शिकवणारी बाई, खांबावर चढणं लहानपणीही जमलं नव्हतं. त्यामुळे लटकून हनुवटी दांड्याच्या वर नेणं म्हणजे माझ्यासाठी मोठंच मैदान. सुरुवातीला नुसतं लटकायचं. तळहाताला दांडा रुततो, करंगळी आधी सुटते. मग स्टुलावर उभं राहून हनुवटी वर ठेवायची, पाय सोडायचे आणि मनात पाच मोजत सावकाश खाली यायचं. वर जाता येत नसलं तरी खाली येताना स्नायूला जास्त भार पेलता येतो, म्हणून ही युक्ती चालते. मग रबरी बँडचा आधार, मग पातळ बँड. वर्ष उलटून गेलं त्यात. पण त्या वर्षात पाठीचा व्यायाम मला एकदाही कंटाळवाणा वाटला नाही, कारण प्रत्येक वेळी बघायचं एकच असायचं : आज किती वेळ तग धरला? पायाच्या व्यायामाला अशी कुस्ती नव्हती, तिथे मी जांभया देत होते. एकच बाई, एकच जिम.

दुसरं, वही. फोनमधलं ॲप नको असं नाही, पण फोन हातात घेतला की दोन मिनिटांची विश्रांती आठ मिनिटांची होते, हे मी दुसऱ्यांना रोज करताना बघते. शंभर पानी वही आणि पेन. व्यायाम, वजन, किती वेळा, बस. मग नियम असा ठेवा : आठ ते बारा वेळा जमेल असं वजन घ्यायचं, तीन सेट. तिन्ही सेटला बारा झाले की पुढच्या खेपेला वजन वाढवायचं आणि पुन्हा आठपासून सुरू करायचं. गेल्या वेळी १२, १०, ९ झाले असतील तर आज फक्त एवढंच विचारायचं, की तो ९ चा १० होतोय का? हा प्रश्न बॅडमिंटनच्या गुणापेक्षा लहान आहे, पण त्याच जातीचा आहे.

इथे एक व्यावहारिक अडचण येते आणि तिच्याबद्दल ट्रेनर सहसा बोलत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये डंबेल अडीच-अडीच किलोने वाढतात. साडेसातवरून दहावर जाणं म्हणजे एका उडीत एक तृतीयांश वाढ. खांद्याच्या व्यायामाला ती झेपत नाही, मग माणूस महिनोन्महिने साडेसातवरच राहतो आणि म्हणतो, बोअर होतंय. बोअर होणारच, वहीत काही हलतच नाही! अशा वेळी बारावर न थांबता पंधरापर्यंत जा, मग उडी मारा. किंवा दांडा वापरा. मोठा दांडा वीस किलोचा असतो, पण बहुतेक ठिकाणी हलकाही मिळतो. त्याला दोन्ही बाजूंना सव्वा किलोच्या प्लेटा लावल्या की वाढ अडीच किलोची, तीही दोन हातांत मिळून. जिममध्ये सव्वाच्या प्लेटा नसतील तर जोडी विकत घ्या, पिशवीत मावते. एका किलोला काय किंमत असते ते आमच्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरला विचारा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने एकूण २४८ किलो उचलले आणि रौप्य मिळवलं. सुवर्ण गेलं २४९ ला.

तिसऱ्या महिन्यातच कंटाळा का आला, यालाही कारण आहे. सुरुवातीला ताकद भराभर वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. असलेल्याच स्नायूंना एकत्र कामाला लावायला शरीर शिकतं. ते शिकणं झालं की पुढची वाढ स्नायू प्रत्यक्ष वाढण्यावर अवलंबून राहते, आणि ते काम सावकाशीचं. दर आठवड्याला वजन वाढायची सवय लागलेली असते, ती मोडते. तुमच्यात काही बिघडलेलं नाही, फक्त सोपा भाग संपला.

व्यायाम बदलत राहा, असा सल्ला तुम्हाला खूप जण देतील. तो मला अर्धाच पटतो. २०१९ साली सराव असलेल्या तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात काहींना आठ आठवडे दर वेळी वेगवेगळे व्यायाम दिले, बाकीच्यांना ठरावीक. ज्यांचे व्यायाम बदलत होते त्यांचा उत्साह वाढला, आणि स्नायूंची वाढ दोन्हीकडे साधारण सारखीच. म्हणजे बदलल्याने नुकसान नाही. पण सगळंच बदललं तर वहीला अर्थ उरत नाही, आणि वहीशिवाय तुमच्यासारखा खेळणारा माणूस टिकणार नाही असं मला वाटतं. दोन-तीन मुख्य व्यायाम पक्के ठेवा (स्क्वॉट, एक ओढण्याचा, एक ढकलण्याचा), बाकीचे दीड-दोन महिन्यांनी खुशाल बदला.

आता तो रिकामा वेळ. ढकलण्याचा आणि ओढण्याचा व्यायाम जोडीने करा : बेंच प्रेसचा (बाकावर झोपून वजन वर ढकलणं) एक सेट, मिनिटभर दम खाऊन रोइंगचा (वजन अंगाकडे ओढणं) एक, पुन्हा मिनिटभर आणि पुन्हा बेंच. छाती विश्रांती घेते तेव्हा पाठ काम करते. काम तेवढंच, आणि तासाचं चाळीस मिनिटांत होतं. तीन दिवसांचे दोनही करा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लासुद्धा प्रौढांनी आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, एवढाच आहे. फक्त फिजिओला विचारून. गुडघ्याचे व्यायाम त्यांनी मोजून दिलेले असतील.

आणि खरोखर नकोसं झालं तर? दिवाळी, घरातलं लग्न, मार्च एंड, असे महिने येतातच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी सोळा आठवडे आठवड्यातून तीनदा पायांचा व्यायाम केला, आणि पुढचे बत्तीस आठवडे काही जणांनी त्याचा फक्त नववा हिस्सा, म्हणजे आठवड्यातून एकदा, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट. २० ते ३५ वयाच्या लोकांचे स्नायू तेवढ्यावरही टिकून राहिले. साठीच्या पुढच्यांना आकार टिकवायला जास्त लागलं. तुम्ही बत्तीस वर्षांचे आहात, तेव्हा महिनाभर आठवड्यातून एकदाच गेलात तरी कमावलेलं वाहून जात नाही. लोक सोडून देतात ते कंटाळ्याने कमी आणि “आता पंधरा दिवस गेलोच नाही, कशाला जायचं” या शरमेने जास्त. ती शरम बिनबुडाची आहे.

सोबतीबद्दल दोन शब्द. जोडीदार मिळाला तर सगळ्यात उत्तम, पण गप्पा मारणारा नको. आमच्या बॅचला एक निवृत्त काका येतात, ते फक्त माझे आकडे मोजतात. मोजतानाही आठनंतर पुन्हा सात म्हणतात, आणि विचारलं तर “मॅडम, तो आठवा अर्धाच झाला होता” असं तोंडावर सांगतात. सकाळी सहाला ते वाट बघत असतात म्हणून मी जाते, यात माझा काहीही मोठेपणा नाही.

कानात गाणी-गोष्टी घालून जाण्याचा उपाय थोडे दिवस चालतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उत्कंठावर्धक ऑडिओ कादंबऱ्या फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील अशी सोय केली, तेव्हा त्या लोकांच्या फेऱ्या सुरुवातीला बाकीच्यांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त झाल्या. मग मध्ये सणाची सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. वापरून बघा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आणखी एक. तीन-चार आठवडे सगळेच आकडे मागे जात असतील, झोप नीट होत नसेल, बॅडमिंटनलाही जावंसं वाटत नसेल, तर तो कंटाळा नाही, थकवा आहे. तेव्हा आठवडाभर वजन आणि सेट दोन्ही निम्मे करा, पोटभर जेवा, दोन वेळा डाळ-उसळ, चालत असतील तर अंडी. तरीही फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं करून वर्षाअखेरीस लोखंडाचा तिटकाराच राहिला, तर लोखंड सोडा. स्नायूला भार कळतो, तो कुणी दिला ते कळत नाही. क्लायम्बिंगची भिंत, मुद्गल, मल्लखांब, काहीही चालेल. मुंबईत असाल तर शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात एकदा संध्याकाळी नुसतं बघायला जा. तेल लावलेल्या त्या खांबावर पोरं काय करतात ते बघून “पुल-अप बोअर होतात” म्हणायची हिंमत निदान माझी तरी झाली नाही.