सासूबाईंच्या हाताला बांधलेली ओढणी

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या लेकी-सुना एक प्रश्न हमखास विचारतात, की घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी बाहेरची मदत घेतली तर आपण कमी पडलो असं होतं का हो? म्हणून मागच्या वर्षीची एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, त्यांना आपण नुसतं ताई म्हणू.

ताई चौपन्न वर्षांच्या, राहायला पुण्यात. आल्या होत्या झोपेच्या तक्रारीसाठी, म्हणजे डॉक्टरांनी गोळी द्यायच्या आधी माझ्याकडे पाठवलं होतं. बोलताना त्या उजव्या हाताचं मनगट सारखं चोळत होत्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या काही नाही, ओढणीचा वळ आहे. सासूबाई एकोणऐंशीच्या, तीन वर्षांपासून डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार, रात्री तीनला उठून दाराची कडी काढायला जातात, "माझी वडूजची यष्टी चुकेल" म्हणतात, माहेरी जायचं असतं त्यांना. एकदा जिन्यापर्यंत गेल्या होत्या. तेव्हापासून ताई ओढणीचं एक टोक सासूबाईंच्या हाताला आणि दुसरं आपल्या मनगटाला बांधून झोपायच्या. दीड वर्ष!! नवऱ्याची नाईट शिफ्ट, मुलगा बाहेरगावी, आणि नणंद फोनवरून सांगणार की वहिनी, आईला परक्या बाईच्या हाती देऊ नका हं.

मी त्यांना लगेच काही समजवायला गेले नाही. त्यांच्याच फाईलमधल्या एका जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या मागे दिवसभराची कामं लिहायला सांगितली. अंघोळ, कपडे, गोळ्या, बँक, दवाखाना, रात्रीचं जागरण, भरवणं, गप्पा. मग म्हटलं, यात तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणारच नाही असं काय आहे? बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या आणि दोनच गोष्टींवर बोट ठेवलं, भरवणं आणि गप्पा. कारण सासूबाई बाकी कुणाच्या हातचं खात नाहीत आणि वडूजच्या गोष्टी फक्त ताईंनाच सांगतात. मी म्हटलं मग हे दोन तुमचं, बाकीचं वाटून टाकू.

आता वाटायचं कुणाला हा खरा प्रश्न. ताईंचं पहिलं वाक्य होतं, "सरकारचं काही आपल्यासाठी नसतं, आम्ही काय पिवळ्या रेशनकार्डवाले नाही." हा गैरसमज मी इतक्या घरांमधे बघते की वाईट वाटतं. सत्तरीच्या पुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मानचं, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं, कार्ड निघतं, ऑक्टोबर 2024 पासून, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. वयाचा पुरावा म्हणून आधार लागतं. पण हेही तेव्हाच सांगितलं की हे कार्ड ॲडमिट व्हायची वेळ आली तर कामाचं, तेही योजनेतल्या हॉस्पिटलमधेच, घरी येणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. घरी दिवसरात्र सांभाळणाऱ्याला चार तास मोकळीक मिळावी अशी सरकारी सोय आपल्याकडे जवळपास नाहीच, आणि ही मोठी उणीव आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे 14567. ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाईन, एल्डरलाईन म्हणतात, फुकट आहे, सकाळी 8 ते रात्री 8. ज्येष्ठांनीच लावला पाहिजे असं काही नाही, घरच्यांनीही लावायचा. ताईंनी माझ्यासमोरच फोन लावला, आधी आवाज फुटत नव्हता, मग पंधरा-वीस मिनिटं बोलल्या. पेन्शन, कायदा, जवळपास डे केअर कुठे, अशी माहिती तिथे मिळते.

पेन्शनचं तर वेगळंच. सासऱ्यांच्या मागे सासूबाईंना ईपीएफचं थोडं पेन्शन येतं आणि दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना रिक्षात घालून बँकेत न्यायचं. तिथे मशीनवर अंगठा उठत नाही, बोटांच्या रेषा झिजल्यात, मागे रांग, आणि सासूबाई घाबरून रडायला लागायच्या. मी सांगितलं की हे आता घरी होतं, मोबाईल चेहऱ्यासमोर धरूनही होतं नाहीतर पोस्टमन घरी येऊन करून देतो. ताई म्हणाल्या, "मला हे कुणी सांगितलंच नाही हो," आणि रडल्या. आमच्या पूर्ण सेशनमधे त्या रडल्या ते एवढ्याच गोष्टीला, ओढणीला नाही.

रात्रीसाठी मात्र ब्युरोतून मावशी ठेवाव्या लागल्या, आठवड्यातून तीनच रात्री, जास्त परवडत नव्हतं. आधार बघून, पोलीस व्हेरिफिकेशन करून. दाराला वरच्या बाजूला, नजरेला पटकन दिसणार नाही अशी कडी बसवली, घरात दुसरं कुणी जागं असतानाच ती वापरायची हे ठरवून. आणि ताईंच्या स्वतःसाठी 14416 लिहून दिला, टेलीमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, तो चोवीस तास चालू असतो, कारण रात्री तीनला मी फोन उचलू शकत नाही.

नणंदेला आम्ही एका सेशनला व्हिडिओ कॉलवर घेतलं. मी काहीच बोलले नाही, ताईंनी फक्त मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं. त्या बाई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, मावशींचे अर्धे पैसे मी पाठवते." आणि गणपतीत स्वतः राहायला यायचंही त्यांनीच काढलं.

शेवटच्या भेटीत ताईंनी विचारलं, नणंदबाई आठ दिवस येतायत, तर मी माहेरी किती दिवस जाऊ, दोन का तीन? मी म्हटलं आठ.