काठावरचं नाव

प्रश्न : ताई, पुण्याच्या जुन्या बाजारात मला पितळेचं एक जाडजूड सतेलं मिळालं. काठावर ‘आईकडून स. भेट, 1961’ असं कोरलंय, त्याआधी एका मुलीचं नाव. आत हिरवे डाग आहेत. सासूबाई म्हणतात, परक्याच्या नावाचं भांडं घरात नको. यजमान म्हणतात, नाव घासून टाकू. मला मात्र त्यात रोजचा स्वयंपाक करायचाय. चालेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : चालेल, पण नावाला हात लावू नका. छिन्नीनं ठोकलेली अक्षरं पत्र्यात खोल बसलेली असतात. ती काढायची तर काठावर कानस चालवावी लागेल, आणि भांड्याचा सगळा जोर काठातच असतो.

आमच्या आईनं 1978 साली आजीची दोन सतेली मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले. तेव्हा घरोघर हेच चाललं होतं. स्टीलला ना चिंच लागते ना कल्हई, आईचे कष्ट वाचले, तिचं काही चुकलं नाही. ती सतेली केव्हाच वितळली असतील, हे मला कळतं. तरी बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेत गेले की दिसेल ते पितळी भांडं उचलते, काठ उजेडाकडे धरते आणि नाव वाचते. तुमच्या सतेल्यावरचं नावही कुणीतरी असंच शोधत असेल.

आता डागांचं. तो कळक आहे, म्हणजे पितळेवर चढलेला हिरवा गंज, आणि तो पोटात जाता कामा नये. आधी चिंच-मिठानं आतबाहेर स्वच्छ घासा. मग पाणी भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी खाली ओल दिसली, तर कुठेतरी जोड सुटलाय. तो आधी दुरुस्त करून घ्या.

मग कल्हई. ती समोर उभं राहून करून घ्या आणि कथील शुद्ध, शिसं न मिसळलेलं हवं, असं स्पष्ट सांगा. भांडं भट्टीवर चांगलं तापलं की कल्हईवाला नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्यानं झरकन फिरवतो. काळपट तळ बघता बघता चांदीसारखा होतो. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी दरवेळी थांबते. सासूबाईंनाही बरोबर न्या. भांडं असं विस्तवातून निघालेलं पाहिलं की त्यांच्या मनातली शंका बरीच कमी होईल, असं मला वाटतं.

कथील 232 अंशांनाच वितळतं. म्हणून सतेलं रिकामं गॅसवर ठेवू नका, फोडणीही त्यात करू नका. लोखंडी पळीत करून वरून ओता. आत तारेची घासणी नको. कल्हई उडून पिवळा पत्रा दिसू लागला, की आमटी, ताक, कढी बंद. आंबट लगेच कळकतं. पुन्हा कल्हई होईपर्यंत सतेलं फडताळात.

पहिल्या दिवशी वरण शिजवा. आणि सासूबाईंना विचारा, त्यांच्या रुखवतातल्या भांड्यांवर काय कोरलं होतं.