पुरणपोळीची पोच मिळत नसते

"माझा मुलगा नऊ वर्षांचा असून अनुदानित सेमी इंग्रजी शाळेत चौथीत आहे. दिवाळीनंतर डॉक्टरांनी एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराचे, निदान केले. वर्गात तो सारखा उठतो, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो, फळ्यावरचे अर्धेच उतरवून आणतो. दैनंदिनीत जवळजवळ रोज लाल शेरा असतो. महिनाभरापासून खेळाच्या तासाला त्याला वर्गात बसवून अपुरे लिखाण पूर्ण करून घेतात. मुख्याध्यापिका म्हणतात, साठ मुलांच्या वर्गात हे जमणार नाही, पुढच्या वर्षी दाखला घेऊन जा. बाई तशा चांगल्या आहेत. शेरा फार कडक आला की दुसऱ्या दिवशी मी मुलाबरोबर त्यांच्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा पाठवते. शाळेशी वाकडेपणा नको आहे. त्यांना कसे समजावू?"
– एक आई, नाशिक

तुमच्या चार पानी पत्रात निदान, शाळा आणि मुख्याध्यापिका यांच्याविषयी पुष्कळ मजकूर आहे आणि पुरणपोळीच्या डब्याविषयी एकच वाक्य आहे. मी त्या वाक्यापाशी अडले आणि पुढचे पत्र मला दुसऱ्यांदा वाचावे लागले.

तो डबा कोण नेतो? तुम्हीच लिहिले आहे, "मुलाबरोबर". म्हणजे शेरा त्याच्या दप्तरातून घरी येतो आणि त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी त्याच्याच दप्तरातून शाळेत जाते. फळ्यावरचे अर्धेच उतरवणाऱ्या मुलाला घरातलेही अर्धेच कळत असेल, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. आदल्या रात्री स्वयंपाकघरात पुरण शिजायला लागले की आपले आज काहीतरी चुकले, हे त्याला वासावरून समजत असणार. आपली आई आपल्यापायी दुसऱ्यांची मनधरणी करते, एवढे नऊ वर्षांच्या मुलाला पुरते कळते.

मी सव्वीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि पालकांनी पाठवलेले असे डबे खाल्लेही आहेत, तेव्हा त्यांचा गुण काय येतो हे मला सांगता येईल. दोन दिवस मी त्या मुलाशी जरा मऊ बोलत असे. त्याला खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरून उठवून फळ्यासमोर बसवावे, हे मात्र एकाही डब्याने मला सुचवले नाही, कारण डब्यात तशी मागणीच नव्हती. होती ती फक्त दिलगिरी. तुमच्या बाई चांगल्या आहेत यावर माझा विश्वास आहे, पण चांगल्या बाईंनाही साठ मुलांत नेमके काय करायचे ते कोणीतरी सांगावे लागते, आणि ते तुम्ही आजवर सांगितलेले नाही.

म्हणून "कसे समजावू" हा प्रश्न सोडून द्या आणि अर्ज लिहा. मुख्याध्यापिकांच्या नावे, साध्या कागदावर, "विषय: विद्यार्थ्यास वर्गात आवश्यक सोयी मिळणेबाबत" असा. डॉक्टरांच्या अहवालाची प्रत जोडा आणि डॉक्टरांकडून वर्गासाठीच्या सूचना वेगळ्या कागदावर लिहून घ्या. विनवणीचा मजकूर नको, "आपण समजून घ्याल अशी आशा आहे" हेही वाक्य नको. बाईंना उद्या सकाळी करता येतील अशाच गोष्टी लिहा: फळ्यासमोर आणि दार-खिडकीपासून दूर जागा, एका वेळी एकच सूचना, तीही फळ्यावर लिहून, दहा गणितांऐवजी आधी पाच, ती तपासून मग उरलेली, तासाच्या मध्यावर वह्या वाटण्याचे किंवा पाणी भरून आणण्याचे काम, म्हणजे त्याचे उठणे बिनशेऱ्याचे होईल, चाचणीला थोडा जादा वेळ. आणि खेळाचा तास काढून घेणे तात्काळ थांबवावे, हे स्वतंत्र परिच्छेदात लिहा. ज्या मुलाचे लक्ष हालचालीनंतर थोडे तरी टिकते, त्याला हालचालीचाच तास बंद करायचा आणि वर त्याने लिखाण पूर्ण करावे अशी अपेक्षा ठेवायची, हा प्रकार वाचून मला संताप आला. तुम्ही महिनाभर तो सोसलात, याचाही आला.

मुख्याध्यापिका कायद्यावर बोट ठेवतील. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जे एकवीस प्रकार दिले आहेत त्यांत एडीएचडी हे नाव नाही, हे त्यांना ठाऊक असेल तर त्या ते सांगतीलच. सांगू द्या. मुलाला पुढच्या बाकावर बसवायला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नसते. त्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, मात्र आहे, ती एडीएचडीच्या जोडीने बऱ्याच मुलांत आढळते, आणि तुमच्या मुलाचे लिखाण ज्या तऱ्हेने अपुरे राहते ते पाहता तीही तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या, कारण पुढे दहावीला जादा वेळेसारख्या सवलती घ्यायच्या झाल्या तर शाळा तेच प्रमाणपत्र मागेल. दाखल्याच्या धमकीचे उत्तर त्याहून सोपे आहे. शाळा अल्पसंख्याक संस्थेची नसेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तुम्ही आपणहून दाखला मागितलात तर गोष्ट वेगळी, आणि "घेऊन जा" या शब्दांत तुम्ही तो मागावा अशीच अपेक्षा आहे. तो मागू नका.

वाकडेपणा येईल का? थोडा येईल. अर्ज देणाऱ्या पालकांविषयी शिक्षकांच्या खोलीत काय बोलले जाते ते मला माहीत आहे, मीही बोलले आहे. पण त्याच पालकांच्या मुलांच्या जागा आम्ही त्याच आठवड्यात बदलल्या, हेही मला आठवते, कारण कागद कार्यालयात नोंदलेला असे आणि पुढच्या महिन्यात कोणीतरी त्याबद्दल विचारणार असे.

मुलाने "आज बाईंचा डबा नाही का?" असे विचारले, तर पोळ्या आपल्यासाठीच केल्या आहेत असे सांगा आणि गरम असतानाच त्याला वाढा. सोमवारी अर्ज घेऊन तुम्ही स्वतः जा, मुलाच्या हाती पाठवू नका. दोन प्रती न्या, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शाळेचा शिक्का पडेपर्यंत खिडकीसमोरून हलू नका.