लक्षात घ्यायचं की लक्षात यायचं?

मुंबईतल्या एका ल्यूथरन मंडळीतल्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची परंपरा मानणाऱ्या चर्चमधल्या, ताईंनी विचारलंय : 'आमच्याकडे महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बायकांची प्रार्थना असते. पुढच्या वेळचा विषय इंग्रजीतून आला. मी त्याचं मराठी "दैनंदिन मंडळी-जीवनात ख्रिस्ताची उपस्थिती लक्षात घेणे" असं केलं. चूक कुठे दिसत नाही, पण वाचताना एखादं परिपत्रक वाचतेय असं वाटतं. "उपस्थिती" काढून "सान्निध्य" घालू का? की "समक्षता"? आणि "सानिध्य" बरोबर की "सान्निध्य"?'

ताई, तुमच्या कानाला खटकलं ते बरोबरच खटकलं. फक्त मला वाटतं, खडा 'उपस्थिती'त जेवढा आहे त्याहून मोठा 'घेणे'त आहे. पण तुम्ही नामाबद्दल विचारलंय, तेव्हा आधी ते.

मी मूळचा नगरकडचा, मराठी मंडळीत वाढलेला, पण लग्नानंतर बायकोच्या ल्यूथरन मंडळीत रमलो. तिचं घर गुंटूरकडचं तेलुगू. जॉन हायर हे मिशनरी १८४२ साली गुंटूरला आले, तिथपासून त्या भागात ल्यूथरन मंडळ्या वाढल्या, आणि पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्यांनी आपली उपासना सोबत आणली. आमची मंडळी रविवारी एका शाळेचा हॉल भाड्याने घेते. मास्तरांचं टेबल हीच आमची वेदी. सकाळी लवकर जाऊन ते ओल्या फडक्याने पुसायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पांढरं कापड अंथरण्याआधी खडूची भुकटी नीट निघाली पाहिजे, नाहीतर कापडावर हिरवे-गुलाबी डाग उमटतात. मागच्या फळ्यावर शनिवारचा मजकूर तसाच असतो आणि कोपऱ्यात मुलांनी लिहिलेलं : पट ४२, उपस्थित ३७.

'उपस्थिती' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हा कोपरा येतो. किंवा लग्नपत्रिकेतली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' ही ओळ, किंवा कार्यक्रमाच्या बॅनरवरची 'प्रमुख उपस्थिती'. शब्दाच्या पोटात अर्थ चांगला आहे. उप म्हणजे जवळ, आणि स्था म्हणजे उभं राहणं. जवळ येऊन उभा राहिलेला तो उपस्थित. पण वापराने त्याला एक वळण लागलंय. उपस्थिती मोजतात, नोंदवतात, आणि कार्यक्रम संपला की ती संपते. ईश्वरविद्येच्या पुस्तकात तो शब्द चालेल, चालतोही. घरी सतरंजीवर बसलेल्या बायकांना तो परका वाटणार.

'सान्निध्य' गोड शब्द आहे. सन्निधी म्हणजे अगदी जवळ ठेवलेलं असणं, त्यावरून सान्निध्य. म्हणून दोन न. 'सानिध्य' हे अशुद्ध, कितीही ठिकाणी दिसलं तरी. आपल्या मराठी बायबलातल्या सोळाव्या स्तोत्रात 'तुझ्या सान्निध्यात पूर्णानंद आहे' असं आहे, त्यामुळे मंडळीच्या कानाला तो ओळखीचाही आहे. माझी हरकत एवढीच की सान्निध्यात आपण जातो. डोंगराच्या, समुद्राच्या, संतांच्या सान्निध्यात चार दिवस राहून यावं तसं. रोजच्या धबडग्यातून बाजूला होण्याची छटा त्याला आहे, आणि तुमचा विषय नेमका त्या धबडग्यातलाच आहे.

माझं मत 'समक्षते'ला. हा शब्द मराठी ख्रिस्ती घरांनी जपलाय. बाहेरचा मराठी वाचक 'समक्ष' म्हणेल, 'समक्षता' क्वचितच. आपल्याकडे मात्र प्रार्थनेत 'तुझ्या समक्षतेत आलो आहोत' सहज येतं. बायबलातल्या निवासमंडपात, म्हणजे इस्राएलांच्या तंबूतल्या मंदिरात, मेजावर नित्य ठेवायची ती 'समक्षतेची भाकर'. ख्रिस्ती नसलेल्यालाही शब्द अडत नाही, कारण 'फोनवर नको, समक्ष बोलू' आणि 'पंचांसमक्ष पंचनामा' त्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत. यातल्या 'अक्ष'चा अर्थ डोळा. पण डोळा कुणाचा? पंचांसमक्ष म्हणजे पंचांच्या डोळ्यांपुढे. तसं ख्रिस्तासमक्ष म्हणजे ख्रिस्ताच्या डोळ्यांपुढे. मला तो दिसो न दिसो, त्याला मी दिसतोय. ल्यूथरच्या लेखनात 'कोराम देओ' हे लॅटिन शब्द जागोजागी येतात. त्यांना मराठीत 'देवासमक्ष' याहून चपखल शब्द मला सापडलेला नाही.

आता 'घेणे'.

मराठीत बऱ्याच गोष्टी जोडीने सांगता येतात. मी पाहिलं, मला दिसलं. मी ऐकलं, मला ऐकू आलं. मी लक्षात घेतलं, माझ्या लक्षात आलं. पहिल्यात करणारा मी. दुसऱ्यात ती गोष्ट आपल्या पायांनी चालत माझ्यापर्यंत येते, मी फक्त तिथे असतो. भूक लागते, आठवण येते, ओळख पटते, चाहूल लागते, प्रत्यय येतो. यातलं काहीच 'मी' करत नाही, सगळं 'मला' होतं. ताई, तुमच्या घरी तेलुगू बोलत असतील तर तिथेही हेच आहे. 'नाकु आकलि' म्हणजे मला भूक, 'नाकु तेलुसु' म्हणजे मला माहीत. या बाबतीत दोन्ही भाषांचं वळण एक आहे.

'लक्षात घेणे' हा हिशेबी माणसाचा प्रयोग. 'कृपया लक्षात घ्या, रविवारी उपासना नऊऐवजी दहाला सुरू होईल' इथे तो अगदी योग्य. त्याहून 'दखल घेणे' आणखी वरच्या खुर्चीवरचं. ख्रिस्ताच्या समक्षतेची आपण दखल घ्यायची असं म्हटलं तर खुर्चीत कोण बसलं आणि दारात कोण उभं राहिलं?

ल्यूथरन घरातल्या मुलांना विश्वासांगीकाराच्या, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या कबुलीच्या, तिसऱ्या भागाचं स्पष्टीकरण पाठ करायला लावतात. ल्यूथरने १५२९ साली लहान प्रश्नोत्तरावलीत लिहिलेलं. त्याचा आशय असा : मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, त्याच्याकडे येऊ शकत नाही, पवित्र आत्म्याने मला सुवार्तेने बोलावलं. विश्वासाची सुरुवातच 'मी'पासून होत नाही, 'मला'पासून होते. हे ज्या मंडळीला पाठ आहे, तिच्या पत्रकावर 'लक्षात येणे' हवं. मराठीने ही सोय आयती दिली आहे, ती सोडू नये.

याच संदर्भात ल्यूथरचं १५२७ सालचं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत ख्रिस्ताच्या आठवणीने भाकर आणि प्याला घेण्याच्या संस्काराच्या, वादात लिहिताना तो म्हणतो, देव असणं ही एक गोष्ट, आणि तो तुझ्यासाठी असणं ही दुसरी. 'तुझ्यासाठी' हे मी सवयीने केलेलं भाषांतर. मूळ जर्मनमध्ये 'साठी' नाही, नुसती चतुर्थी आहे, 'दिर'. शब्दाला शब्द ठेवला तर 'तो तुला आहे'. आणि बघा, हे मराठीत बसतं! आपण 'माझ्याकडे छत्री आहे' म्हणतो, पण 'मला दोन भाऊ आहेत', 'तिला आई नाही'. वस्तू कडे असते, माणूस ला असतो. रडणाऱ्या धाकट्या बहिणीला मोठी जवळ घेते आणि म्हणते, 'तुला मी आहे ना!' त्या वाक्यात ती कुठे आहे हे सांगत नाही, ती कुणाची आहे हे सांगते. देव सगळीकडे आहेच, पाचोळ्यातही आहे, हे ल्यूथरला मान्य होतं. पण तो मला कुठे आहे हे त्याने स्वतः सांगितलंय, तिथेच त्याला धर, असं ल्यूथर बजावतो. शब्द, पाणी, भाकर, प्याला.

दोन वर्षांनी, १५२९च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गला स्विस धर्मसुधारक झ्विंग्लीबरोबर वाद झाला तेव्हा ल्यूथरने समोरच्या टेबलावर खडूने 'हे माझे शरीर आहे' हे भाकरीबद्दलचे ख्रिस्ताचे शब्द लॅटिनमध्ये लिहिले आणि वर कापड टाकलं. झ्विंग्लीचं म्हणणं, 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. ल्यूथर 'आहे'वरून हलला नाही. रविवारी टेबल पुसताना, कापडाखाली खडू राहू नये म्हणून धडपडताना, मला दर वेळी ते टेबल आठवतं.

यावरून 'जाणवणे' या शब्दाबद्दलही सांगायला हवं, कारण कुणीतरी तुम्हाला तोच सुचवेल. 'जाणवणे' हे 'मला'वालंच क्रियापद आहे, व्याकरणात बसतं. तरी मी शीर्षकात वापरणार नाही. जाणवण्याचा भार मनावर पडतो. आज काही जाणवलं नाही, मग आज तो नव्हता का? ल्यूथरन मंडळ्यांच्या श्रद्धेचा जाहीरनामा असलेल्या १५३०च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्राचं दहावं कलम भोजनात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर आहे एवढंच म्हणतं, घेणाऱ्याला काय वाटलं यावर काही टांगून ठेवत नाही. नाइट करून थेट उपासनेला आलेल्या, वचन चालू असताना डुलक्या घेणाऱ्या माणसाच्या तळहातावरही तीच भाकर पडते.

आणि लक्षात येतं कधी, तर बहुतेक वेळा मागाहून. मागे आमच्याकडे भोजनाच्या रांगेत एक तरुण होता, डावा हात प्लास्टरमध्ये. आपण भाकर घ्यायला ओंजळ पुढे करतो. एका हाताची ओंजळ होत नाही. त्याने उजवा पंजा पुढे केला तसा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी आपला डावा हात त्याच्या हाताला लावला. कडेला कडा भिडली, ओंजळ झाली. पाळकांनी त्यात भाकर ठेवली, 'नी कोरकु' म्हणाले, तुझ्यासाठी, आणि पुढे सरकले. बाईंनी हात काढून घेतला आणि आपल्यासाठी पुन्हा पुढे केला. मी त्यांच्याच मागे उभा होतो. तेव्हा माझ्या मनात प्याले पुरतील का एवढंच चाललं होतं. मेगाब्लॉकमुळे गाडी घाटकोपरच्या अलीकडे थांबून राहिली, पंखा बंद, सगळे घामाघूम, तेव्हा ते दोन हात एकदम डोळ्यांपुढे आले. बायबलातल्या अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांचंही असंच झालं. वाटभर पुन्हा उठलेला येशू बरोबर चालत होता, बोलत होता. ओळख पटली ती भाकर मोडताना, आणि वाटेत आपल्या मनाचं काय होत होतं हे कळलं त्याच्याही नंतर.

तुम्ही विचाराल, सगळं आपोआप यायचं तर आपण करायचं काय? त्यालाही मराठीत शब्द आहे, 'कान देणे'. हे मात्र मी करतो. बायबलातल्या हिब्रूंस पत्रावरच्या व्याख्यानांत ल्यूथर म्हणतो की ख्रिस्ती माणसाचं इंद्रिय एकच, कान. 'चाहूल'ही कानाचीच; जिन्यावर पाऊल वाजतं, माणूस अजून दिसलेला नसतो, पण घरातल्यांना कळतं कोण आलं ते. कान द्यायचा कुठे, हेही त्याने १५३७ साली श्माल्काल्डच्या कलमांत, म्हणजे त्याने लिहिलेल्या श्रद्धेच्या मसुद्यात, सांगितलंय : वचनाचा उपदेश, बाप्तिस्मा, वेदीचा संस्कार, पापक्षमेचा अधिकार, आणि भावंडांनी एकमेकांशी बोलणं, एकमेकांना धीर देणं. हे शेवटचं वाचून मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. उपासनेनंतर चपला शोधता शोधता 'मुलीच्या ॲडमिशनचं काय झालं' म्हणून जे विचारतात ते, आणि आजारी माणसाच्या खाटेशी बसून जे बोलतात ते, त्याने सुवार्तेच्या त्याच रांगेत बसवलंय. आधाराला बायबलातलं वचन दिलंय मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तिथे मी आहे, ते. तुमची सतरंजीवरची प्रार्थना यातच आली.

'मंडळी-जीवन' मी काढून टाकीन. मंडळी हा मराठीतला किती बोलका शब्द आहे! 'या मंडळी, बसा' म्हणतो आपण. त्यात इमारत नाही, माणसं आहेत. आउग्सबुर्गचं सातवं कलमही मंडळीची ओळख जमलेल्या माणसांवरून सांगतं. तिला जीवनाचं शेपूट लावलं की ती संस्था होते.

राहिलं 'दैनंदिन'. दैनंदिनी, दैनंदिन अहवाल यांनी तो शब्द कोरडा केलाय, 'रोजच्या' पुरे. किंवा त्याहून चांगलं, मत्तयाच्या अगदी शेवटच्या ओळीतून उचला : 'युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे.' इंग्रजीत तिथे 'नेहमी' अशा अर्थाचा एकच शब्द वापरतात. मूळ ग्रीकमध्ये मात्र 'सगळे दिवस' असंच आहे, आणि मराठीने ते तसंच ठेवलंय. दिवस एकेक करून. पाणी न आलेला सोमवार, पगाराआधीचा शनिवार.

तेव्हा माझी ओळ अशी : 'ख्रिस्त सर्व दिवस समक्ष : रोजच्या मंडळीत हे आपल्या लक्षात कसं येतं?' लांब वाटली तर पहिले चार शब्द मोठ्या अक्षरांत घ्या, बाकीचे खाली. 'समक्षता' शीर्षकात नको, प्रार्थनेत येऊ द्या. तिथे ती आपोआप येईल. आणि आत कुठे 'सान्निध्य' लिहिलंत तर छापायला देण्याआधी दोन्ही न तपासून घ्या, टाइप करणारे एक हमखास गाळतात.